मानवतेचा उपेक्षित सेवक : वाल्डेमार हाफकिन

वांद्रे, माझगाव, गिरगाव अशा मुंबईतील जुन्या ख्रिस्ती वस्त्यांच्या गल्ल्यांमधून चालताना आजही ठिकठिकाणी दगडी क्रूस दृष्टीस पडतात. त्यांपैकी अनेकांवर कोरलेली साले १८९६ नंतरच्या दहा-बारा वर्षांतील आहेत. गाठीच्या प्लेगने घरेच्या घरे ओस पडत होती, त्या काळात भयभीत झालेल्या भाविकांनी हे क्रूस उभारले आणि त्यांच्या पायाशी गुडघे टेकून देवाची करुणा भाकली. आपल्या पूर्वजांची ही आठवण आपण श्रद्धेने जपली आहे. मात्र त्याच दिवसांत, त्याच शहरात, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका खोलीत एक परदेशी माणूस रात्रंदिवस राबत होता, याची आठवण आपल्यापैकी फारच थोड्यांना असते. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन संस्थेमुळे हे नाव मराठी माणसाच्या कानांवरून गेलेले असते. परंतु त्या नावामागील माणूस कोण होता, त्याने काय केले आणि त्याला काय सोसावे लागले, हे सांगणारे कोणी भेटत नाही. म्हणून हा अल्प परिचय.

हवापालट आणि प्रतिकारशक्ती

साताऱ्याच्या डोंगरातील पाचगणी हे गाव आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांहून अधिक उंचीवरील हे ठिकाण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाच्या पुढाकाराने वसले. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या परिसरात सिल्व्हर ओकची झाडे लागली, बंगले उठले, पुढे शाळा निघाल्या. प्रकृती सुधारण्यासाठी लोक येथे येऊ लागले. रोग दूषित हवेतून उद्भवतो, म्हणून रोग्याने हवापालट करावा, ही त्या काळची सर्वमान्य समजूत होती. ज्याची ऐपत होती तो घाट चढून पाचगणीला येई. ज्याची ऐपत नव्हती तो चाळीतच राही आणि बहुधा तेथेच मरे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात एका वेगळ्या विचाराने मूळ धरले. रोग सूक्ष्म जंतूंमुळे होतात, हे फ्रान्सच्या लुई पाश्चर आणि जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी सिद्ध केले. हे जंतू दुर्बल करून अथवा मारून शरीरात घातले, तर शरीर त्यांची ओळख करून घेते आणि खऱ्या हल्ल्याच्या वेळी त्यांच्याशी लढण्यास सज्ज असते, असेही दिसून आले. देवीची लस इंग्लंडच्या एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ सालीच शोधली होती. पण तिच्यामागील तत्त्व आता उलगडू लागले होते. या नव्या विद्येस आज आपण रोगप्रतिकारशास्त्र म्हणतो. रोगापासून पळून जाण्याऐवजी त्याला तोंड देण्याचे बळ प्रत्येकाच्या शरीरातच निर्माण करावे, हा तिचा गाभा होय. हे बळ गरिबाच्या चाळीपर्यंत पोहोचवता येते, हे हिंदुस्थानात दाखवून देणाऱ्यांपैकी एक म्हणजे हाफकिन.

बालपण, शिक्षण आणि श्रद्धेची कसोटी

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा या बंदरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियाच्या झारच्या साम्राज्यात होते; आज ते युक्रेनमध्ये आहे. १८७९ साली त्यांनी ओडेसाच्या विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे त्यांना इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. रक्तातील पांढऱ्या पेशी शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून टाकतात, हा महत्त्वाचा शोध मेचनिकोव्ह यांनी लावला आणि त्याबद्दल त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तो काळ रशियातील ज्यू लोकांसाठी भयंकर होता. १८८१ साली झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाल्यावर ठिकठिकाणी ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले. ओडेसामध्ये आपल्या बांधवांचे रक्षण करण्यासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिनही होते. त्यात ते जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. मेचनिकोव्ह यांनी रदबदली केली म्हणून त्यांची सुटका झाली.

पुढे ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात त्यांना काम मिळाले. संशोधक म्हणून त्यांची गुणवत्ता वादातीत होती, परंतु प्राध्यापकपदाचा मार्ग त्यांना बंद होता. रशियन ऑर्थोडॉक्स पंथाचा बाप्तिस्मा घेतल्यास तो मार्ग खुला होईल, असे त्यांना सुचवण्यात आले. हाफकिन यांनी नकार दिला. ख्रिस्ती वाचकाने येथे क्षणभर थांबून विचार करावा. बाप्तिस्म्यासारख्या पवित्र संस्काराला नोकरीची किंमत म्हणून पुढे करणे हा त्या संस्काराचाच अवमान होता. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही दबाव आणता कामा नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट शब्दांत मांडले आणि त्याच वर्षी ज्यू लोकांविषयीच्या द्वेषाचाही निषेध केला. ओडेसाच्या त्या तरुणाने हे मोल त्याच्या ऐंशी वर्षे आधी स्वतःच्या भवितव्याची किंमत देऊन जपले होते.

१८८८ साली हाफकिन यांनी मायदेश सोडला. वर्षभर जिनिव्हात अध्यापन केल्यावर १८८९ मध्ये ते पॅरिसला पोहोचले. पाश्चर यांची संस्था नुकतीच सुरू झाली होती आणि मेचनिकोव्हही तेथेच होते. संशोधकाची जागा मात्र रिकामी नव्हती. हाफकिन यांनी ग्रंथपालाची जागा स्वीकारली. दिवसा पुस्तके सांभाळावीत, उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसावे आणि विसाव्यासाठी व्हायोलिन वाजवावे, असा त्यांचा दिनक्रम असे.

स्वतःच्या देहावर पहिला प्रयोग

त्या काळी पटकीच्या साथी जगभर थैमान घालीत होत्या. पटकीची लस तयार करण्याचा ध्यास हाफकिन यांनी घेतला. पटकीचे जंतू एका गिनीपिगमधून दुसऱ्यात असे लागोपाठ नेत त्यांनी त्यांची तीव्रता अनेक पटींनी वाढवली. दुसरीकडे, उष्ण तापमानात हवेचा झोत सोडून त्यांनी तेच जंतू दुर्बलही केले. प्रथम दुर्बल जंतूंची आणि काही दिवसांनी तीव्र जंतूंची लस टोचावी, म्हणजे शरीर पायरीपायरीने तयार होते, अशी ती पद्धत होती.

प्राण्यांवर यश आल्यावर माणसावर प्रयोग करण्याची वेळ आली. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि काही दिवसांत ते बरे झाले. त्यानंतरच त्यांनी आपल्या काही रशियन मित्रांना ती दिली. दुसऱ्याच्या जिवाला धोका पत्करायला लावण्यापूर्वी तो धोका स्वतः पत्करायचा, हा नियम त्यांनी पुढेही मोडला नाही.

लस तयार होती, पण तिचे गुण सिद्ध करण्यासाठी जेथे पटकी कायम ठाण मांडून बसली आहे, अशा देशात जाणे आवश्यक होते. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या साहाय्याने हाफकिन यांना हिंदुस्थानात येण्याची अनुमती मिळाली आणि १८९३ च्या मार्च महिन्यात ते कलकत्त्याला उतरले. आग्र्यापासून लसीकरणास प्रारंभ झाला. उत्तर हिंदुस्थानातील लष्करी छावण्या, कलकत्त्याच्या गरीब वस्त्या, तुरुंग, आसामचे चहामळे असा त्यांचा संचार झाला. सुमारे सव्वादोन वर्षांत ४२ हजारांच्या आसपास लोकांनी स्वेच्छेने लस घेतली.

या कामात त्यांनी जी शिस्त पाळली, ती वैद्यकाच्या इतिहासात मोलाची ठरली. एकाच वस्तीत, एकाच घरात, एकच पाणी पिणाऱ्या माणसांपैकी लस घेतलेले किती आणि न घेतलेले किती, त्यांतील किती आजारी पडले आणि किती दगावले, याची ते काटेकोर नोंद ठेवीत. कलकत्त्याच्या काट्टल बागान वस्तीत १८९४ साली पटकी पसरली, तेव्हा लस न घेतलेल्यांमध्ये मृत्यू झाले आणि लस घेतलेले वाचले. आज कोणतेही नवे औषध बाजारात आणण्यापूर्वी जी तुलनात्मक चाचणी घ्यावी लागते, तिची ही सुरुवातीची रूपे होत. अशा अविश्रांत भ्रमंतीत हिवतापाने हाफकिन यांचे शरीर पोखरले आणि १८९५ साली त्यांना युरोपला परतावे लागले. प्रकृती जेमतेम सुधारताच, १८९६ च्या प्रारंभी ते पुन्हा येथे हजर झाले.

मुंबईत प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात एक विचित्र ताप पसरू लागला. काखेत, जांघेत गाठी येत आणि रोगी काही दिवसांतच दगावत. हा प्लेग आहे, हे निदान २३ सप्टेंबर रोजी प्रथम केले ते डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. गोव्यातील हडफडे येथे जन्मलेले हे कॅथलिक डॉक्टर गरिबांच्या वस्तीत काम करीत होते. पुढे १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. मेट्रो सिनेमाजवळील त्यांचा पुतळा अनेकांनी पाहिला असेल.

सरकारने हाफकिन यांना पाचारण केले आणि ऑक्टोबरमध्ये ते मुंबईत दाखल झाले. त्यांना मिळाले काय? ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. साहाय्यकांपैकी एक आजारी पडला, इतर थकून गेले. हाफकिन मात्र दिवसाचे बारा-चौदा तास काम करीत राहिले.

लस बनवण्याची त्यांची रीत आपल्या स्वयंपाकघराशी नाते सांगणारी होती. मांसरसाच्या मोठ्या चंबूत वर तुपाचे अथवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांच्या आधाराने प्लेगचे जंतू वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबत वाढतात. चंबू हलवला की पारंब्या तुटून तळाशी बसतात आणि वर नव्या फुटतात. असे पाच-सहा आठवडे चालू ठेवायचे. मग तो रस तापवून जंतू मारायचे आणि त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. मांसरसासाठी त्यांनी बकऱ्याचे मांस निवडले. गोमांस हिंदूंना आणि डुकराचे मांस मुसलमानांना निषिद्ध, याची जाण त्यांनी ठेवली होती. ज्याला स्वतःच्या श्रद्धेपायी मायदेश सोडावा लागला, त्याने परक्यांच्या श्रद्धेचा एवढा बारकाईने विचार करावा, हे मनाला स्पर्शून जाते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी डॉ. सर्व्हेयर यांच्याकडून ही लस स्वतःला टोचून घेतली. पुढे सामान्य माणसास जेवढी मात्रा दिली जाई, तिच्या कितीतरी पट ती अधिक होती. कडक ताप भरला, असह्य वेदना झाल्या, तरी त्यांनी काम थांबवले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी निम्म्याच्या आसपास जणांनी स्वेच्छेने लस घेतली. मृत्यू आले ते लस न घेतलेल्यांच्या वाट्याला. लस घेतलेल्यांपैकी कोणीही दगावले नाही.

सक्ती आणि विश्वास

त्याच काळात पुण्यात काय चालले होते, हे मराठी वाचकास सांगावयास नको. रोग रोखण्यासाठी सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा केला. पूर्वी सातारा जिल्ह्यात अधिकारी असलेले वॉल्टर रँड पुण्याच्या प्लेग समितीचे प्रमुख झाले. गोरे शिपाई घराघरांत शिरू लागले, सामान रस्त्यावर फेकले गेले, स्त्रियांच्या अब्रूचा विचार राहिला नाही. त्याची परिणती २२ जून रोजी चाफेकर बंधूंनी रँड यांच्यावर झाडलेल्या गोळीत झाली. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या सुकन्या सावित्रीबाई फुले याच साथीत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी पुण्यात कालवश झाल्या. मुंबईतून लाखो लोक जीव मुठीत घेऊन बाहेर पडले. त्यांच्याबरोबर रोगही पुणे, सातारा, कराड अशा गावांपर्यंत पोहोचला.

सक्तीच्या या वातावरणात हाफकिन यांचा मार्ग वेगळा होता. लस घेणे हे माणसाच्या खुशीवर असावे, असा त्यांचा आग्रह होता. लोकांचा विश्वास संपादन करण्यासाठी त्यांनी समाजातील मान्यवरांचे साहाय्य घेतले. खोजा समाजाचे धर्मप्रमुख आगाखान तिसरे यांनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि माझगावचा आपला खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. त्यांच्या हजारो अनुयायांनी त्यांचे अनुकरण केले. ज्या अधिकाराने बंदूक दाखवली, त्याला लोकांनी दार लावून घेतले. ज्या अधिकाराने आधी स्वतःचा दंड पुढे केला, त्याच्यामागे लोक गेले.

लसीचे गुण सिद्ध करणारे पुरावे जमत गेले. पोर्तुगीज अमलाखालील दमण शहरात १८९७ साली मोठी साथ आली. लहान दमणमधील सुमारे आठ हजार लोकांपैकी दोन हजारांवर लोकांनी लस घेतली. त्यांच्यातील मृत्यू चाळिशीच्या आत राहिले, तर लस न घेतलेल्या सहा हजारांपैकी जवळजवळ दीड हजार जण दगावले. १८९८ साली बडोद्याजवळील उंढेरा गावात हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना लस दिली. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ दगावले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले. एकाच छपराखालच्या माणसांचे हे आकडे होते. त्यावर अधिक भाष्याची गरज नव्हती. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगानेही, लसीने आजार आणि मृत्यू या दोहोंचे प्रमाण घटते, असा निर्वाळा दिला.

परळची वास्तू

१० ऑगस्ट १८९९ रोजी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. या वास्तूचा इतिहास आपल्याला विशेष जिव्हाळ्याचा वाटेल. सतराव्या शतकात तेथे येशूसंघीय धर्मगुरूंचा मठ आणि प्रार्थनामंदिर होते. अठराव्या शतकात इंग्रजांनी ती जागा त्यांच्याकडून काढून घेतली आणि तेथे गव्हर्नर राहू लागले. १८८० च्या दशकात गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचे त्याच बंगल्यात पटकीने निधन झाले, तेव्हापासून गव्हर्नरांनी मलबार हिलला मुक्काम हलवला. जेथे एकेकाळी मिस्सा होत असे, जेथे पटकीने गव्हर्नरची पत्नी हिरावून नेली, त्याच भिंतींच्या आत पटकीची लस शोधणाऱ्या माणसाने प्लेगशी लढण्याचे ठाणे मांडले.

मलकोवालची दुर्घटना

कीर्ती शिखरावर असतानाच घाला आला. १९०२ साली पंजाबात प्लेगने कहर केला आणि सरकारने लसीकरणाची मोठी मोहीम आखली. परळहून लाखो मात्रांची मागणी झाली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकोवाल या गावात १०७ जणांना लस टोचण्यात आली. आठवडाभराने त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. या १९ जणांनी विश्वासाने आपला दंड पुढे केला होता. त्यांच्या घरच्यांचा आक्रोश कोणत्याही शास्त्रीय चर्चेने भरून निघणारा नव्हता, हे प्रथम नमूद केले पाहिजे.

ते १९ जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. चौकशी समिती नेमली गेली. दोष बाटली उघडण्यापूर्वी, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच शिरला असावा, असा तिचा कल पडला. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी पद्धतीत बदल केला होता आणि कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती, हे त्यांच्याविरुद्ध गेले. त्यांना पदावरून दूर सारण्यात आले आणि ते लंडनला परतले.

वस्तुतः पुरावा वेगळेच सांगत होता. मलकोवालला बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो केवळ कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळून पुन्हा वापरण्यात आला, ज्योतीवर धरून निर्जंतुक करण्यात आला नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्याच घाणीतून भरलेल्या इतर बाटल्यांनी कोणालाही अपाय केला नव्हता. बाटलीत आधीपासून धनुर्वाताचे जंतू वाढत असते, तर उघडताच तीव्र दुर्गंधी सुटली असती. तशी कोणतीही नोंद नव्हती. तरीही चौकशीचे कागद वर्षानुवर्षे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहिले आणि अहवाल प्रसिद्ध व्हायला १९०६ साल उजाडले.

हाफकिन परदेशी होते, ज्यू होते आणि त्यांच्याकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती. सरकारी वैद्यकीय खात्यातील काहींना त्यांचा उत्कर्ष पूर्वीपासूनच खुपत होता. फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर खोटा आरोप लादून त्याला वर्षानुवर्षे तुरुंगात डांबल्याची घटना तेव्हा ताजी होती. म्हणून हाफकिन यांच्या या छळाला पुढे छोटे ड्रायफस प्रकरण असे नाव पडले.

त्यांच्या बाजूने उभे राहिले ते सर रोनाल्ड रॉस. डासांमुळे हिवताप पसरतो हा शोध लावून नोबेल पारितोषिक मिळवलेल्या या शास्त्रज्ञाने वृत्तपत्रांतून हा प्रश्न धसास लावला. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स पत्रात रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. हाफकिन यांच्यावरील आरोप टिकत नाही, असे त्यांनी पुराव्यानिशी दाखवले. अखेर नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने त्यांना दोषमुक्त केले. याच एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने दहा लाखांहून अधिक बळी घेतले होते. मलकोवालनंतर लोकांच्या मनात लसीविषयी भय बसले होते. एका माणसावरील अन्यायाची किंमत अशी असंख्य अनामिक घरांनी मोजली.

उत्तरायुष्य

हाफकिन पुन्हा हिंदुस्थानात आले, पण परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. त्यांची नेमणूक कलकत्त्याला झाली आणि माणसांवर नव्या लसीच्या चाचण्या घेण्याची अनुमती त्यांना नाकारण्यात आली. ज्याचे सारे जीवन या एका कामासाठी होते, त्याच्या हातांतून तेच काम काढून घेण्यात आले. १९१४ साली ते निवृत्त होऊन युरोपला गेले.

त्यांनी विवाह केला नाही. उत्तरायुष्यात ते आपल्या पूर्वजांच्या धर्माकडे अधिकाधिक ओढले गेले. प्रार्थना, धर्मग्रंथांचे अध्ययन आणि ज्यू समाजाची सेवा यांत त्यांचा वेळ जाई. १९१६ साली त्यांनी धर्मनिष्ठ जीवनाचे समर्थन करणारा एक निबंध प्रसिद्ध केला. विज्ञान आणि श्रद्धा एकमेकांच्या वैरी आहेत, असे मानणाऱ्यांनी या जंतुशास्त्रज्ञाचे आयुष्य अवश्य अभ्यासावे. १९२९ साली त्यांनी आपली संपत्ती पूर्व युरोपातील धार्मिक पाठशाळांच्या साहाय्यासाठी निधीरूपाने ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्यापूर्वी एक समाधान मात्र त्यांना लाभले होते. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. तोवर तेथून प्लेगच्या लसीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर गेल्या होत्या. स्वतंत्र भारताच्या टपाल खात्याने १९६४ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीटही काढले.

पाचगणीपर्यंत आलेला वारसा

पाचगणीच्या हवेचा महिमा हाफकिन यांच्या शोधानंतरही ओसरला नाही. क्षयरोगावर तेव्हा औषध नव्हते. १९१२ साली डॉ. रुस्तम बोमनजी बिलिमोरिया यांनी पाचगणीत बेल-एअर हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम सुरू केले. पुढे ते रेडक्रॉसच्या छत्राखाली आले. शुद्ध हवा, विश्रांती आणि सकस आहार यांवर असंख्य रोग्यांनी तेथे आशेने दिवस काढले. दुसरीकडे, ज्या पाश्चर संस्थेत हाफकिन एकेकाळी पुस्तके सांभाळीत होते, तिच्याच परंपरेतील काल्मेत आणि गेराँ या शास्त्रज्ञांनी क्षयाची लस तयार केली. १९२१ साली पॅरिसमध्ये ती प्रथम एका बालकास देण्यात आली आणि १९४८ पासून भारतात तिचा प्रसार सुरू झाला. आज आपल्या प्रत्येक नवजात बालकाच्या दंडावर बीसीजीची जी छोटी खूण उमटते, ती हीच. बालकांना तोंडावाटे दिले जाणारे पोलिओचे थेंबही अनेक वर्षे हाफकिन यांच्या नावाच्या परळच्या संस्थेतून देशभर गेले. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

बंधुभगिनींनो, हाफकिन यांचे चरित्र वाचताना दोन गोष्टी मनात ठसतात. लोकांच्या भल्याचे काम करणाऱ्याने आधी स्वतःला पणाला लावावे, ही एक. आणि दुसरी, दुसऱ्याच्या नावाला लावलेला डाग सहजासहजी पुसला जात नाही, म्हणून पुरावा तपासल्याशिवाय कोणाच्याही चारित्र्याविषयी बोलू नये. हाफकिन यांचा आरोप पुसायला पाच वर्षे लागली, आणि रॉस यांच्यासारखे मित्र नसते, तर तो बहुधा पुसला गेलाच नसता. आपल्या गावात, आपल्या धर्मग्रामात, एखाद्या निरपराध व्यक्तीविषयी कुजबुज सुरू होते, तेव्हा तिच्यामागे रॉस होऊन उभे राहणारे किती निघतात, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

पुढच्या वेळी मुंबईच्या एखाद्या जुन्या वस्तीत प्लेगच्या काळातील क्रूसासमोर हात जोडाल, तेव्हा त्या साथीत गेलेल्यांचे स्मरण कराच. मलकोवालच्या त्या १९ अनामिकांचेही स्मरण करा. आणि ज्या ज्यू गृहस्थाने आपल्या लेकरांसाठी आपल्या देहावर विषाची परीक्षा घेतली, त्याच्यासाठीही देवाजवळ कृतज्ञतेचे दोन शब्द बोला.